मशीन बघायला गेलो होतो

मागच्या महिन्यात मी आमच्या गटाचं चालकपद सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खायचा आणि दुसऱ्या हाताने फोनवर अनोळखी माणसांना उत्तरं द्यायची, हे मला झेपेनासं झालं होतं.

गट आहे इंटरनेटवरून छोटी कर्जं देणाऱ्यांचा. एका संकेतस्थळावर गावोगावच्या संस्था बायकांचे फोटो आणि माहिती टाकतात. कुणाला पिठाची गिरणी घ्यायची असते, कुणाला सुक्या मासळीचा माल भरायचा असतो. आमच्यासारखे नोकरदार त्यात पाचशे-हजार रुपये घालतात. दहा-बारा जणांचे मिळून एक कर्ज उभं राहतं. संस्था ते त्या बाईला देते, दर आठवड्याला हप्ता गोळा करते आणि आमचे पैसे थोडे थोडे परत येतात. तेच मग पुढच्या बाईला. कर्ज देणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून तिथे गट करता येतात. पनवेलचा गट मी सुरू केला होता.

तिथे प्रत्येकाच्या नावापुढे एक चौकट असते: 'मी कर्ज का देतो?' मी लिहिलं होतं, 'शिक्षणाने मला घडवलं, म्हणून.' वाक्य खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं.

माझे वडील पोह्याच्या गिरणीत हमाल होते, आई शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशाचे पैसे कमी पडले तेव्हा आईने तिच्या बचत गटाकडून कर्ज घेतलं. वहीत 'कारण' असा रकाना होता. शिक्षणासाठी कर्ज द्यायची तेव्हा त्या गटाची पद्धत नव्हती, म्हणून अध्यक्षीणबाईंनीच सांगितलं, "शेळी लिही." मी तीन वर्षं त्या वहीत शेळी होतो. गटातल्या बायका आईला रस्त्यात विचारायच्या, "काय गं, शेळी कशी हाय?" मी पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा त्यांनी एकमेकींना सांगितलं की शेळी पास झाली. पदवीचा फोटो आला तो बघायला सगळ्या घरी आल्या होत्या. त्या बायकांचं ऋण माझ्यावर आहे. आज पळस्प्याजवळच्या कंटेनरच्या गोदामात मी बिलं काढतो, करंजाड्यात भाड्याच्या का होईना पण स्वतःच्या किल्लीच्या घरात राहतो, ते त्यांच्यामुळे.

हे मी आमच्या गटात कधी सांगितलं नव्हतं. तिथे सगळे मला अभ्यासू समजत.

आमच्यापैकी चार-पाच जण रविवारी सकाळी वडाळे तळ्याच्या काठावर भेटायचे. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. वर्षभर फोटो बघून पैसे घातल्यावर मला वाटलं, एकदा तरी माणूस बघावं. आमच्या यादीतली एक बाई पळस्प्याच्या पुढच्या गावातली होती. फोटोत ती शिलाई मशीनवर बसलेली होती, मशीनला पोपटाचा स्टिकर होता. हप्ते वेळेवर येत होते. मी म्हटलं, पेढे घेऊन भेटून येऊ. साहेबांनी गाडी काढली. संस्थेला विचारावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गावात विचारत विचारत गेलो. साहेबांच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तिच्या माहितीचा छापील कागद होता. त्या कागदामुळे आम्ही कसे दिसत असू, ते आता कळतं. ती दारात आली आणि आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

"हप्ता तर सोमवारी दिला मी."

"आम्ही हप्त्यासाठी नाही आलो," मी म्हटलं.

"मंग?"

"तुम्हाला भेटायला आलोय."

"मला? कशाला?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. तिने तो घेतला आणि उघडायचा की नाही हे न कळून हातातच धरून ठेवला. शेजारच्या दोन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या.

"मशीन कुठाय?" साहेबांनी सहज विचारलं. "मशीनपाशी बसा ना, एक फोटो काढू."

"दुरुस्तीला दिलीय."

तेवढ्यात शेजारच्या घरातून मशीनचा आवाज आला. दार उघडंच होतं. मशीनला पोपट होता.

तिच्या भिंतीवर खिळ्याला एक पांढरा गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत इस्त्री करून टांगलेला होता. फळीवर नर्सिंगचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. मला त्याच क्षणी सगळं कळलं. साहेब मात्र पोपटाकडेच बघत होते.

"ही सरळ सरळ फसवणूक आहे," गाडीत बसल्यावर ते म्हणाले. पळस्प्याच्या पुलाखाली आम्ही बराच वेळ अडकलो होतो. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर ट्रकांचे नंबर वाचत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. बुधवारी मला संस्थेच्या कार्यकर्त्या ताईंचा फोन आला. त्या गावातली वसुली त्याच करत. आवाजावरून माझ्यापेक्षा लहान वाटत होत्या, पण मी दमलेला होतो तितक्याच त्याही दमलेल्या होत्या.

"दादा, तुम्ही लोक न सांगता कसे गेलात?"

"चुकलं आमचं."

"पाच बायकांचा गट असतो आमच्यात. एकीचं अडलं की पाचींचं पुढचं कर्ज थांबतं. तुम्ही गेलात तेव्हाच गावात झालं की हिचा हप्ता थकला, घरी साहेब लोक आले. आता तर तक्रारच आलीय. बाकीच्या चौघी तिच्याशी बोलत नाहीत."

"ती मशीन…"

"फोटो मीच काढला होता, शेजारणीच्या मशीनवर बसवून. पहिलं कर्ज धंद्यालाच द्यायचं, असा नियम आहे. मुलगी नर्सिंगला आहे तिची, पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरली. दुसऱ्या वर्षाची फी महिनाअखेर भरायची आहे. दुसऱ्या कर्जाला शिक्षण चालतं, तेच करणार होतो आम्ही. एकदाही हप्ता चुकवला नाही हो तिने."

"आता काय करता येईल?"

"पैसे घालणाऱ्यांनी लिहून दिलं की आमची हरकत नाही, तर वरचे लोक बघतील. महिनाअखेरच्या आत. नाहीतर मुलीचं वर्ष जाईल."

संध्याकाळी मी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू कशाला गेलास बघायला?"

"चांगल्या मनाने गेलो होतो."

"आमच्याकडं कुनी शेळी बघाया आलं नाय ते बरं झालं," आई म्हणाली. "आलं असतं तर तुलाच बांधला असता दारात."

मग ती हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी साहेबांकडे नवीन पनवेलला गेलो. त्यांनी चहा मागवला आणि मी त्यांना शेळी सांगितली. वही, रकाना, बायका, सगळं. सांगताना माझी मान खालीच होती.

ते बराच वेळ कपातला चहा हलवत राहिले. साखर ते घेत नसत.

"मी खेड्यातल्या शाखेत होतो," ते म्हणाले. "शेळ्यांची कर्जं तपासायला जायचो. एका वाडीत चार घरांत चार शेळ्या दाखवल्या. चौथ्या दारात शेळीचा कान बघितला. फाटलेला. पहिल्या दारातही तोच कान होता."

"मग?"

"मग काय. चारही कागदांवर सही केली." त्यांनी कप खाली ठेवला. "सगळा जन्म डोळेझाक करण्यात गेला रे. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता फोटो आहे, कॉम्प्युटर आहे, निदान इथे तरी जे लिहिलंय तेच असेल. म्हणून राग आला."

"तिने पैसे बुडवले नाहीत, साहेब."

"ते माहितीय मला. तुझ्या शेळीचं फिटलं का?"

"मुदतीच्या दोन महिने आधी."

"मशीन पाहिली असं मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "खोटं लिहायचं वय गेलं माझं. खरं काय ते लिहितो. कर्ज मुलीच्या शिक्षणाला वापरलं, हप्ते नियमित, माझी हरकत नाही, तक्रार मागे घेतो. चालेल?"

"चालेल."

पण त्या कर्जात आम्ही दोघंच नव्हतो. आणखी नऊ जण होते. कुणी सोलापूरचं, कुणी बेंगळुरूचं, एकाच्या नावापुढे तर नुसता बैलाचा फोटो. त्यांना मी कधी भेटलो नव्हतो आणि भेटणारही नव्हतो. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहायचा होता. पहिल्यांदा मी सभ्य भाषेत अर्जासारखं लिहिलं. दोघांनीच उत्तर दिलं. मग ते पुसून सरळ लिहिलं की मी स्वतः एकेकाळी कागदावर शेळी होतो, आणि या बाईच्या मुलीचं वर्ष वाचवायला मला तुमच्या एका ओळीची गरज आहे.

त्यानंतरचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत हेच चाललं. एकाने विचारलं, ही बाई तुमच्या नात्यातली आहे का. सोलापूरच्या बाईंनी मुलीचा प्रवेशाचा कागद मागवला, तो ताईंकडून मिळवून पाठवला, मग त्यांनी होकार दिला आणि वर मला रागावल्या की आधीच का नाही सांगितलंत. एक गृहस्थ म्हणाले की हरकत नाही, पण यापुढे मी या संकेतस्थळावर पैसे घालणार नाही. त्यांनी खरंच नाव काढून घेतलं. बैलवाल्याने फक्त 'चालतंय' एवढं लिहिलं. नवव्याने शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. पोळी गार व्हायची. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणायचा, "तुझं लग्न ठरतंय की काय, इतके मेसेज?"

आमच्या दोघांच्या पत्रांसोबत ते आठ होकार ताईंनी वर पाठवले. महिना संपायला पाच दिवस होते तेव्हा मंजुरी आली. ताई म्हणाल्या, "सोमवारच्या मीटिंगला तुम्ही या. तक्रार मिटली हे तुमच्या तोंडून ऐकलं तर चौघींचा विश्वास बसेल. माझ्यावर बसत नाही."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. देवळाच्या शेडमध्ये सतरंजीवर पाच-पाचच्या ओळी करून बायका बसल्या होत्या. मी चपला काढून कडेला बसलो.

"हे बघा, मशीनवाले आले," एक जण म्हणाली.

"आज पेढे नाय आनले?" दुसरी म्हणाली.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की तक्रार मागे घेतली आहे, पाचींची कर्जं पुढे जातील, चूक आमची होती, यांची नाही. मग शेळीचंही सांगितलं, कारण त्याशिवाय मी इतकं का धावलो ते त्यांना कळलं नसतं.

"म्हंजे शेळी तुमीच?" एका म्हाताऱ्या बाईने विचारलं.

"हो."

"दूध किती देता?"

सगळ्या हसल्या. त्या चौघीही हसल्या, आणि त्यातल्या एकीने सरकून आपल्या ओळीत त्या फोटोतल्या बाईसाठी जागा केली. ती आत्तापर्यंत एकटी मागे बसली होती. ती हसली नाही. पुढे येऊन बसली, तिची पाळी आल्यावर सही केली. कारणाच्या जागी ताईंनी 'मुलीचे नर्सिंग शिक्षण' असं लिहिलं होतं. सही करण्याआधी ते तिने बोट ठेवून वाचलं.

मी निघालो तेव्हा ती शेडच्या पायरीपर्यंत आली.

"फी भरली का पावतीचा फोटो धाडते," ती म्हणाली.

"त्याची गरज नाही."

"धाडते ना. पन घरी नका येऊ आता."

"नाही येत."

रिक्षासाठी मी हमरस्त्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून ऑफिसला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ताईंच्या फोनवरून पावतीचा फोटो आला. मुलीचं नाव, दुसरं वर्ष, शिक्का. डबा तसाच उघडा ठेवून मी तो दोन-तीनदा मोठा करून बघितला. गटावर टाकला असता तर लोकांनी हात जोडले असते, फुलं पाठवली असती. मी टाकला नाही. त्याच दुपारी चालकपद सोडलं. पैसे घालणं सोडलेलं नाही, तेवढं चालू आहे. 'मी कर्ज का देतो?' या चौकटीत आता बचत गटातल्या बायकांचं लिहिलं आहे.

पावती फक्त साहेबांना पाठवली. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं. आयुष्यभर कागदांच्या कोपऱ्यात लिहीत आले असतील तसा एकच शब्द: 'पाहिले.'