मी सिस्टरना खोटं सांगितलं होतं

गेल्या शनिवारी आम्ही दोघं कल्याणहून ठाण्याला गेलो... अकरा वर्षांनी, त्याच क्लिनिकमध्ये.

मूल व्हावं म्हणून तेव्हा तिथे आयव्हीएफ केलं होतं. लोकलमध्ये कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून एसटीने ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरायचो. सुजाता, माझी बायको, पिशवीतल्या फाइलवर कोथिंबिरीची जुडी ठेवायची, बाजारात चाललोय असं वाटावं म्हणून. घरून निघतानाच पिशवीत जुडी कशी, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही! (हे सगळं लिहायला तिची परवानगी आहे. विचारून घेतलं.)

दहा दिवसांपूर्वी क्लिनिकमधून फोन आला. अशा उपचारांची देशपातळीवर नोंद ठेवतात आणि ती संशोधनासाठी वापरतात. आमची जुनी माहिती नाव-पत्ता काढून त्यात द्यायला परवानगी द्याल का, दोघांची सही लागेल, असं विचारत होते.

लगेच हो म्हणवेना. "कळवतो" म्हणून फोन ठेवला.

कारण सांगायलाच हवं. तेव्हा टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. सातव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं. पुढे महिन्याभराने तिथल्या सिस्टरचा मला ऑफिसात फोन आला, "काय दादा, सगळं छान ना?" इतक्या आनंदाने विचारलं त्यांनी... मी "हो, छान" म्हणालो आणि फोन ठेवला. पुन्हा प्रयत्न केला नाही, तिकडे फिरकलोही नाही. आम्ही दोघंच आहोत, बरे आहोत.

म्हणजे आमची फाइल यशस्वी म्हणून पडून असणार. ती तशीच पुढे गेली तर? उद्या एखाद्या जोडप्याला डॉक्टर त्या आकड्यांवरून आशा दाखवतील, आणि त्यात एक आकडा माझा, खोटा. एका फाइलने काय होतंय, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पण माझ्यासारखे "छान" म्हणून फोन ठेवणारे किती असतील, कुणाला माहीत...

सही नाकारली की प्रश्न मिटला, हेही मनात आलं. पण मग ज्यांना मूल झालं नाही, त्यांची नोंद कुठे राहणार?

खरी अडचण वेगळीच होती. चूक सुधारायची तर ती सुजातासमोर कबूल करावी लागणार. तिला मी हे कधीच बोललो नव्हतो. जे तिच्या अंगावर बेतलं, ते मी एका शब्दात पुसून टाकलं होतं.

काउंटरवर नवीन सिस्टर होत्या. बसायच्या आधीच मी म्हणालो, "फाइलमध्ये एक चूक आहे. माझ्यामुळे झालीय." आणि सुजाताकडे न बघता सगळं सांगून टाकलं.

सिस्टरनी पानं उलटली. "नाही सर, बरोबर आहे. आधीचं खोडून 'सातव्या आठवड्यात गर्भपात' लिहिलंय. पेशंटने स्वतः येऊन सांगितलं, असंही आहे."

मी सुजाताकडे पाहिलं.

"त्या सिस्टरनी नंतर मलाही फोन केला होता, अभिनंदन करायला," ती म्हणाली. "मग एक दिवस हाफ डे टाकून आले सांगून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"अरे, तू तेव्हा आंघोळीला जाऊन नळ सोडून रडायचास. मला ऐकू येत नाही असं वाटायचं तुला. त्यात आणखी हे कुठे काढू?"

सिस्टर उगाचच ड्रॉवरमध्ये पेन शोधत राहिल्या.

सुजाताने फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग विचारलं, "जे टिकले नाहीत, तेही यात धरतात ना?"

"धरायलाच हवेत, मॅडम," सिस्टर म्हणाल्या.

तिने सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "नीट कर हं. चेक परत येतो तशी नको."

आमच्या त्या बाळाचं ना नाव ठेवलं, ना फोटो आहे. पण ते होतं, एवढं खरं एका कागदावर आहे, कारण ही बाई एकटी जाऊन ते लिहवून आली... आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की त्या दिवसांत मीच तिला सांभाळलं.