खंडेनवमीचे दोन सिंथेसायझर

माझा मुलगा फौजेतून सुटून आला तेव्हा चाळिशीला टेकला होता. पलटणीच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. साताऱ्याला आमच्या वस्तीत घरटी एक माजी सैनिक आहे. सुटून आलेला माणूस एक तर एमआयडीसीत कंपनीच्या गेटावर उभा राहतो, नाहीतर शेळ्या पाळतो, नाहीतर सरपंच व्हायला बघतो. माझ्या मुलानं कॉम्प्युटर घेतला आणि संगीत करायला बसला. ते संगीत कुणाला ऐकू येत नसे. दार पुढं केलेलं, कानाला हेडफोन आणि नुसती मान हलतेय. मला वाटलं मानेचं दुखणं लागलं, म्हणून मी कोमट तेलाची वाटी घेऊन आत गेले.

"आये, ताल धरलाय," तो म्हणाला.

मी वाटी घेऊन परत आले. तेल वाया नको म्हणून गुडघ्याला लावलं.

घरात आम्ही तिघंच. नात नर्सिंगच्या शिक्षणाला बाहेर असते. सून ब्लाउज शिवते आणि तिच्याकडं बायकांची कायम गर्दी. सुनेचा भाऊ पुण्यात सिक्युरिटीचं काम बघतो. त्यानं दाजींसाठी एका मोठ्या सोसायटीत जागा धरून ठेवली होती. दिवाळीपर्यंत या, पुढं धरता येणार नाही, असा त्याचा निरोप. मुलगा एकटाच जाणार, आम्ही दोघी इथं राहणार. मला ते नको होतं. मुलाचा विरह वगैरे काही नाही, तो वीस वर्षं फौजेत होताच की. पण तेव्हा मी धडधाकट होते, रानात जात होते. आता दिवसभर घरात. माझं आणि सुनेचं पटतं, पण मधे तिसरं माणूस असलं तरच पटतं.

तेवढ्यात सांगलीहून काम आलं. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात नाच बसवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना स्पर्धेसाठी नवं संगीत पाहिजे होतं, कुठल्या सिनेमातलं नको. मुलानं त्यांना मोबाइलवर थोडं ऐकवलं. त्या म्हणाल्या, चाल चांगली आहे, पण आवाज डबीतून आल्यासारखा वाटतो. दसरा झाला की पुरं करून आणा, आवडलं तर वर्षभर काम देते.

सुनेनं त्याच दिवशी हिशेब मांडला. "आवं, बाईंनी व्हय म्हटलं तर ऱ्हावा. न्हाई म्हटलं तर दिवाळीला पुणं."

"ठीक हाय," मुलगा म्हणाला. "पण आवाजासाठी सिंथेसायझर लागंल."

"घ्या. पण एकच. खोली माझी पण हाय."

इथून पुढं आमच्या घराला जे ग्रहण लागलं ते सांगते. सिंथेसायझर म्हणजे पेटीसारखं दिसणारं, विजेवर चालणारं वाद्य. त्यात सूर पट्ट्यांवर वाजतो, पण सुराचा आवाज आपण घडवायचा असतो. मुलाच्या मनात दोन भरले होते. एकाच्या अंगभर फिरवायची बटणं. प्रत्येक बटणाला एकच काम. फिरवलं की आवाज तिथल्या तिथं बदलतो. पण त्याला आठवण नाही. बटणं जशी असतील तसा आवाज, हलली की गेला. दुसऱ्याला एक छोटा पडदा आणि चार-दोन बटणं. आत शेकडो आवाज, आणि आपण केलेलं सगळं ते लक्षात ठेवतं. पण काही बदलायचं तर पडद्यावर एक पान उघडा, त्यातून दुसरं, त्यातून तिसरं. मला तर कचेरीची आठवण झाली. ह्या खिडकीतून त्या खिडकीला.

मुलगा सकाळी एक ठरवायचा आणि संध्याकाळी दुसरं. मोबाइलवर दाढीवाले गोरे लोक बटणं फिरवताना बघत बसायचा. ते तासभर एक शब्द बोलत नसत. सीमेवर असताना याला कुठून गोळी येईल ते क्षणात ठरवावं लागत असणार. इथं जेवायला बसला की ताटातली भाकरी तशीच आणि म्हणे, "आये, तू असतीस तर कुठलं घेतलं असतंस?"

"म्या असते तर क्लॅरिनेट फुकलं असतं. जेव."

शेवटी सांगलीचा दुकानदार कंटाळला. त्याच्याकडं दोन्ही वापरलेली यंत्रं होती. त्यांचं घर पूर्वीपासून पेट्या दुरुस्त करणारं, आता पेट्यांबरोबर हेही विकतात. आम्ही तिघं गेलो तेव्हा तो मुलाशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला.

"मावशी, मेजरसाब मला रोज फोन करतात. माझी बायको विचारती, कोण हाय हा माणूस. तुमी दोन्ही घेऊन जावा. दसऱ्यानंतर एक आणून द्या. कुठलं बी द्या. पण फोन करू नका."

मग दोन्ही घरी आली. खोलीत टेबलावर एकाशेजारी एक. मुलगा त्यांच्यामध्ये बसायचा, दोन बायका केलेल्या माणसासारखा, एकीकडं वळला की दुसरीकडं बघून घ्यायचा. नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं बटणांच्या यंत्रातून एक आवाज काढला. हेडफोन काढून टाकला आणि आम्हाला मोठ्यानं ऐकवला. मला संगीतातलं कळत नाही. लांब कुठंतरी चरख्याचं चाक फिरतंय आणि वरून कुणीतरी बारीक आवाजात हाक मारतंय, असं काहीसं होतं. सुनेनं शिवणयंत्र थांबवलं, ही मात्र मोठी गोष्ट. मुलानं तो मोबाइलवर भरून बाईंना पाठवला. लगेच उत्तर आलं, हाच आवाज ठेवा, सगळं ह्याच्यावरच बांधा.

"आता कुणी बटणाला हात लावायचा न्हाई," मुलगा म्हणाला. "हा आवाज ह्या बटणांत हाय. हलली की संपला."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, शिवणयंत्र, मिक्सर, मोटारसायकल, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडायचं. ज्याची पूजा झाली त्याला दसऱ्यापर्यंत कामाला लावायचं नाही. त्याची ती एका दिवसाची रजा. सुनेनं दोन्ही सिंथेसायझरपुढं रांगोळी काढली.

मुलगा म्हणाला, "आगं, माझं काम ऱ्हायलंय. आन ही परकी हायती. एक परत जायाचंय."

"भाड्यानं आणलेला ट्रॅक्टर दारात उभा असला तर त्याला हार घालता का न्हाई?"

"घालतो."

"मग."

त्यानं पलटणीत वर्षानुवर्षं रायफलीला फुलं वाहिली होती. तो नुसता शेजारी पहाऱ्याला उभा राहिला. सुनेनं एकेका बटणाच्या डोक्यावर अलगद कुंकवाची बोटं टेकवली. एकही हललं नाही. वर हळद, अक्षता, झेंडूची फुलं. दोन्ही यंत्रं नव्या नवरीसारखी दिसायला लागली. तो दिवस मुलगा रिकामा होता, म्हणून त्यानं अंगण तीनदा झाडलं.

दसऱ्याला सकाळी तो माजी सैनिकांच्या झेंडावंदनाला गेला. सुनेनं पूजा उतरवली. विळा पुसला, मिक्सर पुसला, मग खोलीत गेली. मी ओट्यावर आपट्याची पानं निवडत बसले होते, तिथून मला फडक्याचा आवाज येत होता. फडकं मारणं ही सुनेची आवड आहे. मी आडवी पडले तर मलाही पुसून काढील.

मुलगा आला, खोलीत गेला आणि दारातच थांबला. मी उठून मागनं बघितलं. बटणांचं यंत्र लखलखत होतं. एकूण एक बटण रेघेत, तोंड वर करून, परेडला उभं केल्यासारखं.

"कुणी फिरवली?"

"फिरवली न्हाईती. पुसली," सून म्हणाली. "कुंकू खाचंत गेलं हुतं. पुसता पुसता वाकडी व्हायली, म्हणून सगळी सरळ करून ठिवली. तुमाला सरळ आवडतं."

"म्या सांगितलं हुतं हात लावू नका."

"ते परवाचं. काल एक तरी हललं का?"

मुलगा खुर्चीवर बसला. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "तुझ्या भावाला फोन कर. पुण्याला कवा यायचं इचार."

सुनेनं तोंड फिरवून फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतंच. मग म्हणाली, "ते दुसरं विसरत न्हाई म्हणता नव्हं? त्यात बघा."

पडद्याच्या यंत्रात मुलानं पानांमागून पानं उघडली. आवाज शेकडो होते, हा नव्हता. जवळपास काही लागलं की सून म्हणायची, "असला न्हाई." शेवटी तिनं मोबाइल हातात घेतला, बाईंना पाठवलेला तुकडा कानाशी धरला आणि बटणांच्या यंत्रासमोर स्टूल ओढून बसली.

"वाजवा. कोणचं बटण काय करतं ते एकेक सांगा."

ती शिवणयंत्राचा टाका जुळवताना स्क्रू केसभर फिरवते, थांबते, शिवून बघते. तशीच ती करायला लागली. एक हात बटणावर, एका कानाला मोबाइल. "हां. मागं. लय झालं. जरा पुढं." मुलगा पट्टी दाबून बसलेला. सणाचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. पुरणाला चटका देत मी आतली भांडणं ऐकत होते.

"आगं ते न्हाई, त्याच्या शेजारचं."

"त्याच्या शेजारचं फिरवलं की हाक बंद पडती."

"हाक कसली? त्याला फिल्टर म्हणत्यात."

"काय बी म्हणा. बंद पडती."

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. प्रत्येकाला खोलीतून आवाज आला आणि प्रत्येकजण आत जाऊन आला. शेजारचे रिटायर्ड सुभेदार आपट्याचं पान माझ्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, आमच्या चौकीवर जनरेटर बिघडला की असाच आवाज यायचा."

"मग दुरुस्त कसा करायचा तेवढं आत जाऊन सांगा."

"दुरुस्त कुठला. लाथ मारायचो."

एका बाईचा ब्लाउज दसऱ्याला द्यायचा होता. ती दारात उभी. सून आतूनच म्हणाली, "आत्या, त्यांना सांगा हुक लावायचं ऱ्हायलंय." मी सांगितलं. त्या बाईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

दिवे लागायच्या वेळेला खोलीतून तो आवाज आला. म्हणजे तो नव्हे. चाक फिरत होतं, पण सावकाश. हाक होती, पण जरा घोगरी, सर्दी झालेल्या माणसाची. मला पहिला आवडला होता.

"आला," सून म्हणाली.

मुलानं मोबाइलवरचा ऐकला, हा ऐकला. "हा तो न्हाई."

"न्हाईच. पण हा बी माणसातलाच हाय. आता ऱ्हाऊ द्या, न्हाईतर हा बी जाईल."

मुलानं मोबाइलवर बटणांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. हे शहाणपण आधी सुचलं असतं तर माझं पुरण करपलं नसतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर बसून त्यानं त्या आवाजावर सगळं बांधलं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही तिघं सांगलीला गेलो. मला न्यायचं कारण नव्हतं. पण पुण्याचं जे काय व्हायचं ते माझ्यासमोर व्हावं असं मला वाटत होतं.

कॉलेजाच्या हॉलमध्ये बाईंनी मोठ्या स्पीकरवर लावलं. नाचणाऱ्या मुली भिंतीला टेकून मोबाइल बघत होत्या. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मुलगा सावधानमध्ये उभा. सुनेनं माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. का ते तिलाही माहीत नसेल. मी सोडवून घेतलं.

"हाच तो आवाज ना?" बाई म्हणाल्या.

मुलानं तोंड उघडलं. त्याला खोटं येत नाही, फौजेनं बिघडवलाय. तो काही म्हणायच्या आत सून म्हणाली, "त्योच."

"तोच आहे, पण आता नीट बसलाय. पहिला जरा टोचत होता." बाई मुलींकडं वळल्या. "उठा. चपला काढा." आणि मुलाला म्हणाल्या, "मधला भाग वाढवून द्या. दिवाळीनंतर दुसरं बसवायचंय, तेही तुम्हीच करा."

जिन्यात मुलगा सुनेला म्हणाला, "खोटं कशाला बोललीस?"

"बाईंना त्योच वाटला. म्या आडवं कशाला येऊ?"

तिथून दुकानात. दोन्ही यंत्रं गाडीत होती. मुलगा पुन्हा सुरू झाला. विसरत नाही ते ठेवलेलं बरं, पण हात बसलाय तो बटणांवर, पण काम वाढलं तर आठवण लागणार. दुकानदारानं हात जोडले. सुनेनं पडद्याचं यंत्र उचललं आणि त्याच्या काउंटरवर ठेवलं.

"हे घ्या. ह्यात सगळं आत लपलेलं. दुसऱ्यात निदान हाताला लागतं."

दुकानदारानं ते उलटसुलट बघितलं. पडद्याच्या कडेला त्याला काहीतरी तांबडं दिसलं. नखानं खरवडून तो माझ्याकडं बघायला लागला.

"मावशी, ह्याला बी?"

"दोन्ही शेजारी हुती. एकालाच कसं लावायचं?"

"बराबर," तो म्हणाला आणि यंत्र आत घेऊन गेला.

सुनेनं दुकानाच्या पायरीवरूनच भावाला फोन लावला. "दादा, जागा दुसऱ्या कुणाला दे. ते न्हाई येत. आरं न्हाई, भांडण न्हाई. हितं काम हाय." मग बराच वेळ भाऊ बोलत राहिला आणि ती "व्हय, व्हय" करत बटणांच्या यंत्रावर गुंडाळलेली चादर नीट करत राहिली.

मला विचारलं असतं तर मी दुसरं ठेवा म्हटलं असतं. ते विसरत नाही आणि त्याला बिनधास्त फडकं मारता येतं. पण ज्यानं महिनाभर विचारून विचारून मला जेवू दिलं नाही त्यानं नेमक्या वेळेला विचारलं नाही. आता ती दोघं दुपारी दार पुढं करून बसतात. दोघांच्याही माना हलतात. ब्लाउज वेळेवर होत नाहीत, आणि दारात आलेल्या बायकांची बोलणी ओट्यावर बसून मी खाते.