पुढच्या चाकांची दांडी

पडदा वर जातो. बेलपाड्याचं एक अंगण, मागे नव्या इमारतींची रांग, आणि मधोमध लाल रंग विटलेला जुना ट्रॅक्टर. साल दोन हजार आठ. पाण्याचा डबा घेऊन धर्मराज येतात आणि नातवाला अंघोळ घालावी तसे त्याला पुसू लागतात.

तीन सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, पुढे जायचे आठ गिअर, मागे जायचे दोन. पाहुण्यांना ते हे लेकीच्या शिक्षणासारखं सांगत. खरा तोरा मात्र सीटखालच्या दांडीचा. ती खाली दाबली की पुढची चाकंही जोर लावत आणि गुडघाभर चिखलातली भातखाचरं ट्रॅक्टर हसत पार करी. आता खाचरंच उरली नव्हती.

जासईच्या अविनाशची थोडी शेती अजून होती. त्या भाच्याने निरोप धाडला, "मामा, ट्रॅक्टर आपल्या पायांनी आला तर ठेवून घेतो. नायतर कळंबोलीच्या भंगारातच घाला."

यूनुस मिस्त्रीने चार दिवस खपून इंजिन जागं केलं. निघताना तो दांडीवर थाप मारून म्हणाला, "चाचा, डांबरावर ही वरच ठेवायची. खाली राहिली तर पुढच्या चाकांचे गिअर चावून खाईल."

"चाळीस वर्सं चालवतंय, मना शिकवतंस?"

"चिखलात चालवलात, चाचा. रस्त्यावर कधी?"

वाटेत खोदकामाने रस्ता चिखलात बुडवला होता. डंपर अडकून पडलेले. धर्मराजांनी दांडी खाली दाबली. ट्रॅक्टर डोलत, फुरफुरत सगळ्यांच्या नाकासमोरून पार झाला! डंपरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. धर्मराजांनी टोपी काढून त्यांना हलवून दाखवली.

त्या आनंदात दांडी खालीच राहिली. जन्मात ती वर करायची वेळच कुठे आली होती?

पुढे कोरडं डांबर. गव्हाण फाट्याच्या वळणावर पुढून कडाड्‌ असा आवाज आला. तेल रस्त्यावर पसरलं. जासई समोर होती. निरोप मिळताच यूनुस स्कूटरवरून धावत आला, वाकून पाहिलं आणि गिअरचा तुटका दात उचलून बाजूला ठेवला. संध्याकाळी क्रेनने ट्रॅक्टर कळंबोलीला नेला.

धर्मराजांनी त्यानंतर अंथरूण धरलं. दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यांचा हात खाटेखाली काहीतरी चाचपू लागला. त्यांच्या बायकोने, भामाबाईंनी, तो हातात घेतला.

"भामे," ते म्हणाले, "दांडी वर कर गो. फुडं सगला डांबर हाय."