रेषेवरची खूण

नागपूरची माझी भाची कादंबरी इथे अमेरिकेत, श्रूजबरीत माझ्या बेसमेंटमध्ये राहते. तिने हेलीवर डूख धरलाय, आणि मी तिला एकदाही म्हटलं नाही की सोडून दे. सोडून दे म्हणणाऱ्यांना मी ओळखून आहे. मार त्यांनी खाल्लेला नसतो.

कॉलेज टेनिसमध्ये आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचं. शेवटच्या वर्षीची फायनल. दोन्ही टीमच्या तीन-तीन मॅच जिंकून झालेल्या, ट्रॉफीचा निकाल हिच्या कोर्टावर. मॅच पॉइंट हेलीचा, आणि हिचा फटका रेषेवर पडला. समोरच्या हेलीने बोट वर केलं. आउट. सिमेंटवर खूण कुठून दिसणार? अंपायर म्हणाला, मी पाहिलं नाही. ट्रॉफी गेली. कोच म्हणाला, मूव्ह ऑन.

"मूव्ह ऑन तर करतेच ना मावशी," घरी येऊन ही म्हणाली, "पण तिच्या अंगावरून."

दोघी प्रो झाल्यावर हेली जिथे जिथे नाव देई, त्यातल्या फक्त मातीच्या कोर्टावरच्या स्पर्धा हिने धरल्या. मातीवर खूण राहते. समोरच्याने मागितली तर दाखवावी लागते, आणि स्वतःच पुसली तर पॉइंट गेला. त्या नियमाची प्रिंट सहा महिने माझ्या फ्रिजवर होती.

तिसऱ्या स्पर्धेत, साउथ कॅरोलिनात, गाठ पडली. क्वालिफायिंगची शेवटची फेरी. जिंकली तर मुख्य स्पर्धा, हरली तर पंधरा तास ड्राइव्ह करून घरी. इथेही रेषा खेळाडूंच्याच भरवशावर. सेट एक-एक, मग दहा पॉइंटचा टायब्रेक. नऊ-आठ, मॅच पॉइंट कादंबरीचा.

फटका पुन्हा रेषेवर. हेलीचं बोट पुन्हा वर.

"खूण दाखव," म्हणत कादंबरी जाळीला वळसा घालून निघाली.

जन्मभर सिमेंटवर खेळलेली ती पोरगी. तिने बुटाने माती सारखी केली आणि म्हणाली, "तिथे काही नाहीये."

कादंबरीने शांतपणे अंपायरला हात केला. तो आला, बुटाचा फराटा पाहिला आणि पॉइंट हिला दिला. मॅच संपली.

हेली रडत होती. मला वाईट वाटलं नाही. जाळीपाशी हिने तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"काय म्हणालीस गं तिला?" मी नंतर विचारलं.

बुटातली माती झटकत ती म्हणाली, "मूव्ह ऑन."