पाहुण्याकडची हार्डडिस्क

जुनी हार्डडिस्क ऑनलाइन घेताना काय पाहायचं, हे नांदेडात मी कितीजणांना शिकवलं असेल. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे; गिऱ्हाईक फॉर्म भरायला येतं आणि सल्ला फुकटात घेऊन जातं. नुसत्या फोटोवर भुलू नका. डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट मागा, त्यातला नंबर डिस्कवरच्या नंबराशी जुळतो का बघा. किती तास चालली तेही बघा, कारण सीसीटीव्हीतून काढलेल्या डिस्क वर्षानुवर्षं रात्रंदिवस फिरलेल्या असतात आणि वरून पुसून नव्यासारख्या विकल्या जातात. हातात आल्यावर आधी पूर्ण तपासा, मगच जिवाभावाचं काही तिच्यावर ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तो मीच.

अप्पा, म्हणजे माझे वडील, धान्याच्या मोंढ्यात हर्रास पुकारायचे. सोयाबीनच्या ढिगाशी उभे राहून लिलावाची बोली पुकारू लागले की त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जायचा. घरीही तसेच बोलायचे. पाणी मागितलं तरी शेजारी दचकायचे. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हातासोबत वाचाही गेली. त्याआधी मोबाईलवर घेतलेली त्यांची रेकॉर्डिंगं घरच्या कॉम्प्युटरवर होती: हर्राशीची, नातीवर ओरडल्याची, जेवताना मारलेल्या गप्पांची. तो मोबाईल केव्हाच गेला होता. रोज संध्याकाळी मी ती लावायचो. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि बोली चढू लागली की त्यांचे ओठ हलायचे. डॉक्टर काहीही म्हणोत, माझा भरवसा त्या ओठांवर होता.

उन्हाळ्यात एक दिवस त्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजू लागली. ती आता फार दिवस काढणार नाही, हे मला कळलं. घाईघाईने ऑनलाइन शोधलं, लातूरच्या एकाची बरी दिसली. फोन लावला. रिपोर्ट मागणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमी मूळचे कुठले म्हणायचे?"

आमच्याकडे या प्रश्नावाचून व्यवहार पुढे सरकत नाही. मी सांगितलं, राहतो नांदेडला, आजोळ रेणापूर.

"रेणापूर? आवो, माझी बहीण तिथंच दिलीय!" तिचं सासर निघालं माझ्या मामाच्या भावकीत. "मंग पाहुणेच की आपुन! लई चांगला पीस हाय, पाहुणे. बिनघोर ऱ्हावा."

आता पाहुण्याकडे रिपोर्ट कसा मागायचा? त्याच्या पंगतीला बसून ताटातली भाजी हुंगून बघण्यासारखंच ते. मी बहिणीची खुशाली विचारली, अप्पांच्या आजारपणाचं सांगितलं आणि फोन ठेवला. डिस्क आली तेव्हाही तपासली नाही. पाहुण्याची होती, आणि जुनी तर कोणत्याही क्षणी बसेल अशी भीती होती. रेकॉर्डिंगं तेवढी उतरवून घेतली. जुनी त्याच आठवड्यात बसली, ती मी भंगारात दिली. पाहुण्याची पोळ्यापर्यंत चालली.

डाटा काढून देणाऱ्यांकडे पाठवली. आतली तबकडीच खरवडली गेलीय, काही निघणार नाही, म्हणाले. मी लातूरला फोन लावला. भांडायचंच ठरवलं होतं.

"सीसीटीव्हीच्या डब्यातली व्हती ती," तो सरळ म्हणाला. "लई वर्सं चालली. तुमी इचारलंच न्हाई, पाहुणे. इचारलं असतं तर मी कशाला लपवलो असतो? दुसरी पाठवू का?"

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याचाच मला जास्त संताप आला. लबाड असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. नको म्हणालो. त्याने फोन ठेवता ठेवता अप्पांची तब्येत विचारली. बरी आहे, म्हणालो.

संध्याकाळी अप्पांनी डावा हात उचलून कॉम्प्युटरकडे बोट केलं. आवाज गेलेल्या माणसाला त्याचा आवाज दुसऱ्यांदा गेला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"लाईट गेलीय, अप्पा."

त्यांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मग त्यांनी रोजच्यासारखे डोळे मिटून घेतले. ओठ हलले नाहीत.