सोमवारच्या आत लॅपटॉप

कूलर मी दुकानात उभा राहून, चारही बाजूंनी फिरून पसंत केला होता. तो आमच्या दारातून आत जात नाही, हे मला दारात आल्यावर कळलं. सुतार बोलावून चौकट काढावी लागली. ती परत बसेपर्यंत दोन रात्री आमचं घर सताड उघडं होतं, आणि गल्लीतल्या बायका येता-जाता आत डोकावून माझ्या खरेदीचं कौतुक करून जात होत्या. त्यामुळे गेल्या मे महिन्यात बायको जेव्हा म्हणाली, ‘आपल्याला एक लॅपटॉप लागेल,’ तेव्हा मी आधी दाराच्या चौकटीकडे बघितलं.

आधी तो कशाला लागणार होता ते सांगतो. आमचं घर शहाद्याला लागून, लोणखेड्यात. मी शाळेत मराठी शिकवतो. बायको घर सांभाळते, म्हणजे मलाही सांभाळते. तिच्या माहेरच्या कुणीतरी तिच्या मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. पुण्याच्या एका कंपनीला अहिराणी समजणारी माणसं हवी होती. लोकांचं बोलणं कानाला लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, एवढंच काम. घरबसल्या. तिनं मला न विचारता अर्ज केला, आणि उत्तर आलं. सोमवारी दहा ते एक चाचणी. साठ तुकडे ऐकून टाइप करायचे. मोबाईल चालणार नाही, लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर पाहिजे. चाचणी एकदाच होईल.

त्या दिवशी वार मंगळवार होता.

आता इथं मला एक कबुली देणं भाग आहे. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मी या बाईचं अहिराणी ‘शे’ सुधारण्यात घालवली. ‘शे नाही, आहे म्हणावं.’ तीही चार लोकांत ‘आहे’ म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन ‘शे’ म्हणायची. तेच ‘शे’ आता कुणाला तरी हवं होतं, आणि त्याच्या आड येऊ शकेल अशी एकच गोष्ट जगात उरली होती, ती म्हणजे मी आणलेला लॅपटॉप. चुकला असता तर तिनं तोंडावर काही म्हटलं नसतं. त्याचीच मला जास्त धास्ती होती.

शहाद्याच्या दुकानात दोन मॉडेलं होती. एक यंदाचं, वहीसारखं पातळ, एका हातात उचललं जाणारं. दुसरं दोन वर्षांपूर्वीचं, खोक्यातून कधी बाहेर न निघालेलं, पण जाडजूड. विटेवर झाकण लावल्यासारखं. किमतीत फरक होता, पण खरं सांगतो, अडलं तिथं नव्हतं. नवं घ्यावं तर वाटे, नव्याचे नखरे आपल्याला झेपतील का. जुनं घ्यावं तर वाटे, सोमवारी अकरा वाजता ते मान टाकेल.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, डोळे मिटून नवं घ्या. कॉम्प्युटरच्या सरांना केला. ते म्हणाले, डोळे मिटून जुनं घ्या, त्याची बांधणी मजबूत असते. दोघांचेही डोळे मिटलेले, आणि माझे काही केल्या मिटेनात. मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यातली पोरं लॅपटॉपला इतकी नावं ठेवायची की ऐकून वाटे, जगात एकही लॅपटॉप चालू नाही. बायको विचारायची, काय ठरलं? मी म्हणायचो, अभ्यास चालू आहे. हे वाक्य मी तीस वर्षं विद्यार्थ्यांकडून ऐकत आलोय. त्याचा खरा अर्थ काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी अशा तीन खेपा झाल्या. दोन्ही मॉडेलं काउंटरवर शेजारी शेजारी मांडायची, झाकणं उघडायची, मिटायची, वजन करून बघायचं आणि ‘उद्या येतो’ म्हणून निघायचं. दुकानदार शेठ माणूस शांत. तिसऱ्या खेपेला मात्र म्हणाला, ‘सर, सोयरीक जमवताय का? पत्रिका मागवू दोघांची?’

शुक्रवारी दुपारी सासरे आले. धानोऱ्याला त्यांची शेती. शहाद्यात डोळे दाखवायचे होते म्हणून चार दिवसांसाठी मुक्कामाला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आता त्यांच्या दारी ट्रॅक्टर आहे, पण पंचक्रोशीत अजून कुणाला बैल घ्यायचा असला तर आबांना गाडीत बसवून बाजारात नेतात. मी अर्धा तास त्यांना दोन्ही मॉडेलं समजावली. स्मृती किती, वेग किती, बॅटरी किती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काम कोनले करनं शे?’

मी म्हटलं, हिलाच करायचंय ना.

‘मंग ती चालनी व्हती का दुकानम्हा?’

नव्हती. तीन दिवसांत मी विज्ञान विचारलं, कॉम्प्युटर विचारला, व्हिडिओतली पोरं विचारली, पण बायकोला दुकानात न्यावं हे मला सुचलंच नव्हतं. आबा म्हणाले, घरी एक बैल असला आणि दुसरा घ्यायचा असला तर घरचा बरोबर न्यावा लागतो. दोघांची उंची, चाल, खांदा जुळतो का ते शेजारी उभं करून बघायचं. बाजारातला सगळ्यात देखणा बैल आणला आणि घरच्याशी त्याचं पाऊल पडलं नाही तर नांगर वाकडाच जाणार. ‘जोडीदार देखाशिवाय बैल लेतस का, पाव्हना?’

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘आबा, मी बैल शे का?’

आबा म्हणाले, निदान नांगर तरी तूच ओढतेस. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यामुळेच ते मला लागलं.

शनिवारी तिघं दुकानात गेलो. बायकोनं शेठला सांगितलं की कळांना मराठी टाइपरायटरची मांडणी लावून द्या. मी तिच्याकडे बघतच राहिलो. लग्नाआधी तिनं शहाद्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली होती. प्रमाणपत्र आमच्या कपाटात, माझ्या बदलीच्या कागदांखाली होतं. मला ते माहीत होतं, आणि मी ते सपशेल विसरलो होतो. तीन दिवस मी यंत्राचा वेग विचारत हिंडत होतो.

तिनं इअरफोन लावला, आईशी झालेल्या फोनचं एक रेकॉर्डिंग मोबाईलवर सुरू केलं आणि डोळे मिटून टाइप करायला लागली. आधी नव्यावर. बोटं टाइपरायटरवर शिकलेली, जोरात पडणारी. नव्याच्या कळा जेमतेम दबणाऱ्या. एकेक अक्षर दोनदा उमटायचं. मग जुन्यावर. टक् टक् टक् असा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. आबांनी पुढे होऊन लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला, जनावराचा ताप बघतात तसा. शेठनं चहा मागवला. माझ्यासाठी त्यानं तीन खेपांत पाणीसुद्धा मागवलं नव्हतं.

‘मन्हा हातले हाई बरं लागस,’ ती म्हणाली. झालं. जुनं मॉडेल ठरलं.

निघताना शेठनं मला बाजूला घेऊन बजावलं. हे दोन वर्षं खोक्यात होतं. नेट लावल्यावर अपडेट मागेल. भरपूर वेळ खाईल, तेव्हा ते उद्या रविवारी निवांत करून घ्या. मी मान डोलावली. रविवारी सकाळी बायको त्यावर सराव करत होती, दुपारभर वीज नव्हती आणि संध्याकाळी माझी भीती जरा ओसरली होती, म्हणून शेठचं बोलणंही ओसरलं.

सोमवारी सव्वानऊला ती अंघोळीला गेली. मी तिची तयारी करून ठेवावी म्हणून टेबल पुसलं, इअरफोन सरळ केला, पाण्याचा तांब्या ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक पाटी आली. आत्ता, की नंतर? मला शेठ आठवला. राहिलेलं काम परीक्षेआधी उरकावं, हे मी मुलांना जन्मभर सांगत आलोय. मी ‘आत्ता’ दाबलं.

पडदा निळा झाला. एक टक्का. ‘बंद करू नका.’

ती केस पुसत बाहेर आली तेव्हा चार टक्के झाले होते. ‘कसाले हात लावा तुम्ही?’ एवढंच तिनं विचारलं. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. दहा वाजले तेव्हा एकोणीस. आता तिकडे पुण्यात चाचणी उघडली होती. साडेदहाला एकतीस, आणि पावणेअकरालाही एकतीसच. आतला पंखा गुरगुरत होता. मी मनातल्या मनात पातळ मॉडेल विकत घेतलं, त्याच्यावर चाचणी दिली, तिला पास केलं आणि परत येऊन बघितलं तर इकडे अजून एकतीस. शेजारी कुणाकडे कॉम्प्युटर आहे का? नव्हता. शाळेची लॅब सुट्टीमुळे बंद, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक गावाला. शेठला फोन लावला, तो उचलेना. मी ठरवलं की बटण दाबून धरायचं, बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. आमच्या टीव्हीला हा उपाय लागू पडतो. हात पुढे केला, तर आबांनी मनगट धरलं.

‘ते खाई ऱ्हायनं. हात लावू नका.’

‘आबा, तिची वेळ चाललीय.’

‘चारावरथीन उठाडं तर अर्धपोटी काय काम करी?’

त्यांना वाचता येत नाही. पडद्यावर जे लिहिलं होतं तेच त्यांनी मला सांगितलं, आणि वाचता येणारा मी ते मोडायला निघालो होतो. बायकोनं वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साधा. म्हणाली, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसा. तुमच्या श्वासाचा आवाज येतोय मला.

मी ओट्यावर बसलो. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. आतून आबा दर थोड्या वेळानं विचारायचे आणि ती आकडा सांगायची. त्रेपन्न. सदुसष्ट. एकदा आकडा आलाच नाही तेव्हा मी उठून दाराशी गेलो आणि परत येऊन बसलो. साडेअकरा वाजून गेल्यावर आतून दार लागल्याचा आवाज आला, मग टक् टक् टक् सुरू झालं. आबा बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. तशीच मुठीत धरून ठेवली.

मधूनच टक् टक् थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. ती तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकत असावी. एकदा ती खुदकन हसली. कुठल्या गावचा कोण माणूस काय बोलला होता कोण जाणे. मला त्या हसण्यानं धीर येण्याऐवजी धास्तीच वाटली, म्हटलं, बाई, हसण्यात मिनिट गेलं.

एक वाजता दार उघडलं. साठपैकी एकावन्न झाले होते. नऊ राहिले.

ते नऊ माझ्या ‘आत्ता’चे होते. तिनं भाकरी टाकल्या, आबांना वाढलं, मलाही वाढलं. पुढचे चार दिवस मी घरात अंग चोरून वावरलो. लॅपटॉपच्या टेबलाजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जायचो. आबा डोळ्यांचे थेंब घेऊन धानोऱ्याला परत गेले. ती रोज सकाळी एकदा झाकण उघडायची, बघायची आणि मिटायची. काय आलं हे विचारायची माझी छाती नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. झाकण उघडल्याचा आवाज आला. ती मागच्या अंगणात गेली, दोरीवरचे कपडे काढले, एकेक घडी घातली. मी डोळे मिटून पडून होतो आणि घड्या मोजत होतो. सातव्या घडीनंतर तिनं मोबाईल उचलला.

‘आबा, काम भेटनं.’

पलीकडून ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. ती म्हणाली, नाही, नऊ राहिले होते ते कंपनीनं विचारलेच नाहीत, लिहिलेल्यांत चुका किती तेवढंच बघितलं. मग म्हणाली, हो, जागेच आहेत, झोपल्याचं सोंग घेऊन पडलेत.