जागा निघाली हाये

जागा भेटो न भेटो, किस्सा भेटतेच. पीएचडीनंतर प्रोजेक्ट फेलोच्या जागेसाठी इंटरव्ह्यू देत फिरलं का किस्स्यायनं झोळी भरते. अमरावतीत आमी तिघं असे फिरून राहिलो: मी, धामणगावचा वैभव आन् अकोटची सुजाता.

*

वैभवचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. वर कोट, खाली लुंगी. तिसऱ्या प्रश्नाले लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच, मोबाइलले रेंज नाई. गडी डोकं धरून बसला.

संध्याकाळी तिकडून फोन आला. निवड झाली नाही, पण सेन्सरवरचं तुमचं शेवटचं उत्तर फार आवडलं, म्हने.

"अबे, मी तं बंद लॅपटॉपसमोर बसेल होतो. मंग उत्तर कोनं देल्लं?"

"कोनं का देल्लं असंन," सुजाता म्हने, "तुह्यापेक्षा बरं देल्लं."

*

मले एका कॉलेजात जागा भेटली. तिथल्या सरायची एक सवय होती. त्यायचा पहिला फेलो सचिन मधातच कुठं निघून गेला. तवापासून जो येईन त्याले सर सचिनच म्हनत. मी दोनदा नाव दुरुस्त केलं, मंग म्हटलं जाऊ दे, आपल्याले कामाशी मतलब.

महिन्याभरानं आईचा फोन आला.

"बाबू, तू बरा हायेस ना? काल तुह्याच नंबरवरून फोन आला, तुहाच आवाज. म्हने, मी सचिन बोलून राहिलो, मले घरी याचं हाये."

मी काल फोन केलाच नव्हता. त्याच दिवशी जागा सोडली.

*

आता सुजाताचा. तिचं वय त्याच महिन्यात मर्यादेबाहेर जात होतं. घरचे म्हने, यंदा नाई झालं तं बीएड कर आन् गप शाळेवर लाग. तिच्यापेक्षा मलेच धास्ती होती.

इंटरव्ह्यू अकोल्याले होता. ती लवकरच पोचली. खोलीत दोन सर आन् एक मॅडम बसेल होत्या. त्यायनं तिले आत बोलावलं, कपाशीच्या मूळकुजीवर खोदून खोदून इचारलं. शेवटी मॅडम म्हनाल्या, "छान. सोमवारी जॉइन व्हा."

बाहेर येऊन ती मले फोनवर रडली, आनंदानं.

तेवढ्यात क्लार्क आला. "मॅडम, बसून घ्या. पॅनल आत्ताच टेशनवर उतरलं, अजून सुरू व्हाचं हाये."

तिनं वळून पाह्यलं. खोली रिकामी, खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवेल.

तासाभरानं पॅनल आलं. तिघंही सर, एकही चेहरा ओळखीचा नाई. नाव पुकारलं तशी ती कशीबशी आत गेली.

मोठ्या सरायनं वर पाह्यलं, जरा वैतागूनच.

"तुम्ही परत कशाला आलात? सोमवारी जॉइन व्हा म्हणून सांगितलं ना तुम्हाला?"